चार महिन्यांचा लॅब, चावरे दात आणि तोंडावर आलेला पावसाळा

ताई, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. फोंड्याला स्वतःचं घर, मागे थोडं भाट (झाडांची बागायत), चार महिन्यांचा लॅब्राडोर शेरू, हातापायाला चावतो, पदर ओढतो, घरभर शू करतो, सकाळी पोदेराचा (सायकलवरून पाव विकणाऱ्याचा) भोंपू वाजला की गेटवर थयथयाट, आणि मागच्या आठवड्यात कानात गोचिडी सापडल्या. सासूबाई म्हणतात पेपरची गुंडाळी करून दोन लगावा, शेजारी म्हणतात घरात बॉस कोण ते त्याला दाखवा, आणि तुम्ही विचारताय आधी ट्रेनर लावू की आधी डॉक्टरकडे नेऊ. मी पशुवैद्य आहे, बरीच वर्षं गोव्यातच प्रॅक्टिस करतोय, आणि येणाऱ्या पिल्लांच्या घरच्यांना ट्रेनिंगही मीच शिकवतो, कारण ही दोन कामं मला वेगळी वाटतच नाहीत. कसं ते सांगतो, जरा लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा.

शेरूला सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवा, हात लावून घ्यायला. सिट, शेकहँड वगैरे लॅबला चार दिवसांत येतं, खादाड जात आहे, त्याची घाई नको. पण कान उघडून आत बघू देणं, ओठ वर करून दात बघू देणं, पंजाची बोटं फाकवू देणं, शेपटी उचलू देणं, हे जर आत्ता बारा किलोचा असताना नाही शिकवलं तर पुढे तीस किलोचा झाल्यावर चार माणसं लागतात त्याला धरायला. दवाखान्यात रोज बघतो मी हे. कानात साधं इन्फेक्शन असतं, दोन मिनिटांचं काम, पण कुत्र्याला कानाला हात लावलेला कधी ठाऊकच नसतो, तो घाबरून चावायला येतो, मग तोंड बांधा, धरा, नाहीतर भूल द्या, आणि पुढच्या वेळी तो दवाखान्याच्या पायरीवरच बसतो. घरी तर औषध घालणं विसराच. म्हणजे ट्रेनिंग झालं नाही म्हणून ट्रीटमेंट होत नाही, आणि दुखणं तसंच राहिलं म्हणून कुत्रा चिडचिडा होतो, असं ते चक्र फिरत राहतं.

करायचं कसं ते नीट सांगतो. उकडलेल्या चिकनचे मीठ-मसाला न घातलेले बारीक तुकडे करा, करंगळीच्या नखाएवढे पुरे. त्याचं पोट अर्धवट भरलेलं असताना, घरात फार गडबड नसताना खाली चटईवर बसा. डाव्या हाताने कानाला नुसता स्पर्श करा, एक सेकंद, आणि लगेच उजव्या हातातला तुकडा द्या. क्रम महत्त्वाचा आहे, आधी स्पर्श मग खाऊ. बरेच लोक आधी खाऊ नाकासमोर धरतात आणि तो खाण्यात गुंतला की कान पकडतात, मग कुत्रा शिकतो की खाऊ आला म्हणजे काहीतरी गडबड आहे आणि खाऊ बघूनच मागे सरकतो. स्पर्श, खाऊ, हात बाजूला. असं सातआठ वेळा, की बास. दुसऱ्या दिवशी कान किंचित उचलून, मग आत डोकावून, मग ओल्या कापसाने कडेला पुसून. कानाचं झालं की ओठ, मग पंजे, मग पोट, मग शेपटीखाली. रोज तीन मिनिटं, संध्याकाळची मालिका चालू असताना सुद्धा होतं.

यात त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. खायला काही नसताना जीभ नाकावरून फिरवली, उगाच जांभई दिली, मान दुसरीकडे वळवली, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसायला लागला, अंग ताठ झालं, याचा अर्थ त्याला नकोसं होतंय. तिथे थांबा, एक पायरी मागे या, काल जिथे तो निवांत होता तिथून परत सुरू करा. आणि गुरगुरला तर त्यावरून ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे तो तुम्हाला आधी सांगतोय. ते मारून बंद केलंत तर पुढे तो न सांगता चावतो, आणि मग लोक म्हणतात अचानक चावला हो, काही कारण नव्हतं.

हे महिनाभर केलंत की तुमच्या हाताला शेरूची नॉर्मल तब्येत पाठ होते, आणि घरच्या घरी आजार लवकर ओळखायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. हिरड्या गुलाबी असायला हव्यात, बोटाने दाबल्या की पांढऱ्या होऊन दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी. फिकट, पिवळट किंवा विटकरी दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. झोपेत श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३०. ताप नाक गरम आहे का बघून कळत नाही, डिजिटल थर्मामीटरला थोडं व्हॅसलीन लावून शेपटीखाली गुदद्वारात घ्यायचा, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचंच टेंपरेचर आहे, माणसाच्या हिशेबाने ताप वाटतो पण नसतो. आणि तापाचं औषध म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन यातलं काहीही देऊ नका, अर्धी गोळी सुद्धा नाही. ब्रुफेन-कॉम्बिफ्लाममधल्या आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

आता चावणं. चार महिन्यांत दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात आणि तो काहीतरी चावणारच. त्याला चावायला हक्काची वस्तू द्या, रबराचं मजबूत खेळणं, ओल्या फडक्याला गाठी मारून फ्रीजरमध्ये ठेवलेलं (तुकडे काढून गिळतो का तेवढं बघा), आणि हात कधीच खेळणं म्हणून वापरू नका, मुलांनाही सांगा. दात लागले की हालचाल थांबवा, आवाज न करता उठून दाराच्या पलीकडे जा, अर्ध्या मिनिटाने परत या. किंचाळून हात ओढलात तर बऱ्याच पिल्लांना तो खेळच वाटतो आणि अजून जोरात झडप घालतात. पदराचं पण तेच, ओढाओढी केली की त्याला मजा, त्यापेक्षा थोडे दिवस घरात पदर खोचून घ्या आणि तो शांत बसला असेल तेव्हा आठवणीने कौतुक करा, हे आपण विसरतो.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा-अठरा तास झोपतं, आणि झोप अपुरी झाली की जास्त चावतं. संध्याकाळी सहा-सातला पिल्लू वेडंपिसं होतं ना, तेव्हा बहुतेक वेळा ते दमलेलं असतं, पण घरचे म्हणतात याची एनर्जी संपत नाही आणि अजून पळवतात. माणसांची ये-जा नसलेल्या खोलीत किंवा उघड्या क्रेटमध्ये अंथरूण घाला, दुपारी आणि संध्याकाळी तिथे झोपवा, दोन आठवड्यांत फरक दिसेल.

पेपरच्या गुंडाळीबद्दल सासूबाईंना माझ्यातर्फे नम्रपणे सांगा की त्यांच्या काळी कुत्रा अंगणात असायचा, आता घरात मुलांच्या शेजारी झोपतो, त्याला माणसाच्या हाताची भीती बसणं आपल्याला परवडणारं नाही. आणि ते बॉस दाखवायचं, पाठीवर पाडून दाबून धरायचं वगैरे, ते मुळात कोंडलेल्या लांडग्यांवरून आलेलं आहे. शेंकेल नावाच्या संशोधकाने १९४७ मध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या आणि एका कुंपणात डांबलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्यांवर लिहिलं होतं. पुढे डेव्हिड मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातली टोळी म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे कोणी मारामारी करून राजा होत नाही. शेरूला राज्य नको आहे, त्याला पदर हवा आहे कारण तो हलतो.

घरभर शू करतो त्याला उपाय वेळापत्रकाचा. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि झोपायच्या आधी, या चार वेळांना लगेच बाहेर, रोज त्याच कोपऱ्यात, आणि शू झाली की तिथल्या तिथे खाऊ, घरात आल्यावर नाही. मधल्या वेळात ढोबळ हिशेब असा की जितके महिन्यांचं पिल्लू तितके तास धरू शकतं, म्हणजे जास्तीत जास्त चार, आणि ते पण झोपलेला असताना. घरात केलीच तर गुपचूप पुसा, नाक घासू नका, त्यातून तो एवढंच शिकतो की यांच्यासमोर करायची नाही, मग सोफ्याच्या मागे जाऊन करतो. पुसायला एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, नुसत्या फिनेलने आपल्याला वास जातो, त्याला नाही. पावसात तो बाहेर जायला कंटाळेल तर पडवीच्या कडेला पत्र्याखाली कोरडा कोपरा आत्ताच तयार करा आणि तिथली सवय लावा, जुलैत मुसळधार पडत असताना सुरुवात करू नका. एक मात्र बघा, आधी नीट करत होता आणि अचानक थोडी थोडी, सारखी शू करायला लागला किंवा लाल दिसली तर तो ट्रेनिंगचा प्रश्न नव्हे, लघवी तपासून घ्या.

पोदेराचं प्रकरण मला फार जवळचं आहे कारण गोव्यात ही तक्रार प्रत्येक गावात आहे. कुत्र्याच्या बाजूने बघा, रोज ठरलेल्या वेळी पों पों आवाज येतो, सायकलवरून एक अनोळखी माणूस येतो, मी भुंकतो, तो निघून जातो. म्हणजे माझं भुंकणं चाललं! रोज सकाळी जिंकतो तो. हे मोडायला आधी मोबाइलवर तो भोंपू रेकॉर्ड करा. घरात, गेटपासून लांब, अगदी बारीक आवाजात लावा, इतका बारीक की तो फक्त कान टवकारेल, आणि लगेच चिकन. आवाज, चिकन, परत शांतता. दोन-तीन दिवसांनी थोडा मोठा. भोंपू वाजला की तो भुंकायच्या ऐवजी तुमच्या हाताकडे बघायला लागला की निम्मं काम झालं. मग खऱ्या वेळी, पोदेर यायच्या पाच मिनिटं आधी त्याला पट्टा लावून घराच्या पायरीवर बसा, गेटवर नको, अंतर ठेवा. सायकल दिसली की तुकडा, सायकल जवळ येतेय तोवर तुकड्यामागून तुकडा, सायकल गेली की खाऊ बंद. दर चार दिवसांनी दोन पावलं गेटच्या जवळ. पोदेर चांगला माणूस असेल तर त्यालाच सांगा, थांबून गेटवरून एक तुकडा टाकून जा म्हणून, पण डोळ्यात डोळे घालून बघू नको. आणि हे होईपर्यंत गेटला खालून हिरवी नेट किंवा पत्रा लावा, कारण जे दिसतं त्यावर भुंकायची प्रॅक्टिस रोज चालू राहिली तर तुमची मेहनत वाया जाते. गेट उघडं असेल तेव्हा मोकळा सोडू नका, सायकलच्या मागे धावलेल्या कुत्र्यामुळे पोदेर पडतो, लागतं त्याला, पाव रस्त्यावर जातात, आणि मागून येणाऱ्या गाडीखाली कुत्रा जातो, हे सगळं मी बघितलेलं आहे.

हाक मारल्यावर येणं याला एकच नियम, ओरडायला, नखं कापायला, आंघोळ घालायला नावाने बोलावू नका, त्यासाठी तुम्ही उठून त्याच्याकडे जा. शेरू ये म्हटलं की दरवेळी चांगलंच काहीतरी होतं एवढं त्याच्या डोक्यात बसू दे, आणि निदान वर्षाचा होईपर्यंत मोकळ्या जागेत लांब दोरी लावूनच खेळवा.

खाण्याचं तुम्ही लिहिलंय, सकाळी दूध-पाव, दुपारी हुमण-भात (नुस्त्याची म्हणजे मासळीची आमटी आणि भात), रात्री उरलेलं. हे बदला. दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, शी पातळ होते आणि मग लोक जंत समजून औषध देत बसतात. हुमणात मीठ, मिरची, कांदा असतो, कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, आणि नुस्त्याचे काटे घशात अडकलेले मी स्वतः काढतो. भात चालेल, काटे नीट काढलेली उकडलेली मासळी चालेल, अंडं, चिकन, भोपळा चालेल, पण वाढत्या मोठ्या जातीच्या पिल्लाला नुसत्या घरच्या जेवणात कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बसवणं कठीण, म्हणून वर्षभर तरी लार्ज ब्रीड पपीचं तयार फूड मुख्य ठेवा आणि घरचं वरून थोडं. त्या फूडवर असताना कॅल्शियमचं सिरप अजिबात नको. हाडं मजबूत होतील म्हणून सगळे देतात, पण मोठ्या जातीत जास्तीच्या कॅल्शियमने हाडं वेडीवाकडी वाढतात. गुळगुळीत टाइल्सवर पळवू नका, त्याच्या फिरायच्या वाटेवर पायपुसणी नाहीतर जुनी चटई टाका. शिजवलेली हाडं, सुकं खारं नुस्तं, आंब्याची बाठ, मक्याचं कणीस, हे सगळं बंद. आंब्याच्या सीझनला बाठ आणि पावसाळ्यात कणीस आतड्यात अडकून ऑपरेशनची वेळ येते, लॅब चावत बसत नाही, गिळतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) आणि दिवाळीला ताटं खाली ठेवू नका, मनुका आणि चॉकलेट दोन्ही विषारी आहेत, मनुकांनी किडनी जाऊ शकते आणि किती खाल्ल्या तर जाईल याचा भरवसा नाही, खाल्ल्याचं कळलं की लगेच फोन.

आता गोचिडी. याबद्दल सविस्तर लिहितो कारण गोव्यातल्या कुत्र्यांची बरीच आजारपणं इथून येतात. तुमच्या शेरूच्या कानात जी तपकिरी गोचीड मिळाली ती घरात राहणारी जात आहे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून खाली उतरते आणि फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं कुत्र्यावर चढतात, पितात, उतरतात, कात टाकतात, परत चढतात, असं तीन वेळा. म्हणजे कुठल्याही क्षणी तुम्हाला अंगावर दिसतात त्यापेक्षा किती तरी जास्त भिंतीत असतात, आणि आपल्याकडे चिऱ्याची भिंत, तिला भोकंच भोकं, गोचिडीला याहून चांगलं घर नाही. त्यामुळे कुत्र्याला औषध लावलं, आठ दिवसांनी परत दिसल्या, औषध खोटं निघालं असं म्हणण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंनी लढायचं. तो झोपतो तिथली भिंत निदान कमरेइतकी गिलावा करून फटी बुजवा, अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा, खाटेखाली, दाराच्या चौकटीत, कुंड्यांच्या खाली बघा, पेस्ट कंट्रोल केलं तर ते वाळेपर्यंत त्याला तिथे आणू नका.

शेरूसाठी महिन्याला एक किंवा बारा आठवड्यांना एक अशी चघळायची गोळी मिळते, ती डॉक्टरकडे वजन करूनच घ्या, पूर्वी फिट्स आल्या असतील तर आधी सांगा. मानेवर घालायचं स्पॉट-ऑन असेल तर आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनवालं काहीही आणू नका, कुत्र्याला चालतं पण मांजर मरतं. आणि कोणीतरी सांगेल की गुरांच्या औषधांच्या दुकानातून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आणून टोच, ते कृपा करून करू नका, डोस चुकला की कुत्रा कोमात जातो, आणि कॉली जातीच्या कुत्र्यांत तर थोड्या डोसनेही जातो.

रोज संध्याकाळी ते हात लावायचं ट्रेनिंग करताय त्यातच गोचिडी शोधा. कानाच्या आत आणि दुमडीत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली. सापडली की चिमट्याने कातडीला अगदी चिकटून धरा आणि सरळ ओढा, पिळू नका. रॉकेल, तेल, जळती काडी यातलं काही नको. काढलेली नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका.

एवढी काळजी कशासाठी, तर या एका गोचिडीतून एर्लिशिया आणि बबेसिया होतो, ज्याला सगळे टिक फीवर म्हणतात. सुरुवात अगदी साधी असते, खाणं कमी, खेळात लक्ष नाही, बोलावल्यावर उठतो पण सावकाश. आमच्याकडे लोक येतात आणि म्हणतात डॉक्टर, हल्ली हा ऐकत नाही, आळशी झालाय, ट्रेनिंग विसरला. रक्त तपासलं की प्लेटलेट्स खाली. लॅब जेवण नाकारतो ही माझ्या दृष्टीने इमर्जन्सीच आहे. पुढे ताप, हिरड्या फिकट, नाकातून रक्त, बबेसियात लघवी कॉफीसारखी. एर्लिशियाला डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं, पाचव्या दिवशी उड्या मारायला लागला म्हणून बंद करतात आणि दोन महिन्यांनी परत आणतात, तेव्हा जास्त अवघड झालेलं असतं. बबेसियाची औषधं वेगळी, म्हणून अंदाजाने इंजेक्शन न घेता रक्त तपासूनच घ्या. आणि तुमचं कोणी सत्तरी तालुक्यात असेल, काजूच्या बागायतीत कुत्र्याला घेऊन जात असेल, तर परत आल्यावर स्वतःचंही अंग बघा. तिथे २०१५ पासून माणसांत माकडतापाच्या केसेस मिळाल्यात, तो रानातल्या दुसऱ्या गोचिडीमुळे होतो.

पावसात बाकी दोनतीन गोष्टी. फिरून आलात की पंजाची बेचकी आणि पोट टॉवेलने खरोखर कोरडं करा, लॅबची आतली केसाळ पातळी ओलीच राहते आणि तिथे एका रात्रीत लाल ओलसर चट्टा पडतो. कान आठवड्याला एकदा इअर क्लीनरने, बड्स आत घालायचे नाहीत, आंबूस वास किंवा डोकं झटकणं दिसलं की दाखवा. आंघोळ दोन-तीन आठवड्यांनी, कुत्र्याच्याच शॅम्पूने, डेटॉल नको. छोटी जखम पण उघडी ठेवू नका, माशी बसून दोन दिवसांत किडे पडतात. गटाराचं आणि शेतातलं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, तो माणसालाही होतो, उलट्या आणि डोळे पिवळे दिसले तर ग्लोव्हज घालून साफ करा आणि डॉक्टरकडे पळा. भाटात बेडूक तोंडात धरला आणि फेस आला तर मान खाली करून तोंड वाहत्या पाण्याने बाहेरच्या बाजूला धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. साप चावल्याची शंका आली, थोबाड किंवा पाय भराभर सुजला, तर बांधू नका, कापू नका, चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि वाटेतून दवाखान्यात फोन करून अँटिव्हेनम आहे का विचारा. तुमच्या जवळ कुठल्या दवाखान्यात ते ठेवतात हे आत्ताच विचारून फ्रीजवर लिहून ठेवा.

लशीचं कार्ड परत एकदा बघा. पार्वो-डिस्टेंपरच्या (पिल्लांच्या जिवावर बेतणारे विषाणूचे आजार) लशीचा शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर पडायला हवा, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तोपर्यंत काही पिल्लांत लस चालू देत नाही. त्याआधीच कोर्स संपला म्हणून लिहिलं असेल तर अजून एक घ्या. लेप्टो त्यात आहे का बघा. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग वर्षाने, आणि पुढे दर वर्षी. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, त्यामागे मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांच्या टीमनी गावोगाव जाळी घेऊन फिरून कुत्र्यांना टोचलेल्या लशी आहेत, दर वर्षी निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तरच ही साखळी तुटलेली राहते. त्यामुळे घरचा कुत्रा आहे, बाहेर जात नाही, मग कशाला, असं कृपा करून म्हणू नका. आणि शेरूचे दात कोणाला लागून रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि हॉस्पिटलात दाखवायचं, पिल्लू आहे म्हणून सोडायचं नाही.

चवथीच्या आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीच्या फटाक्यांची तयारी पण आत्ताच, भोंपूसारखीच, रेकॉर्डिंग बारीक आवाजात आणि खाऊ. प्रत्यक्ष रात्री आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू, तो पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका, जवळ आला तर जवळ घ्या, लाड केल्याने भीती वाढत नाही. थरथर, लाळ, दार ओरबाडणं इथपर्यंत गेलं तर त्यासाठी चांगली औषधं आहेत, पण ती आठवडाभर आधी येऊन विचारा, त्याच संध्याकाळी नको.

शेवटचं तुम्ही नसबंदीचं विचारलंय. लॅबसारख्या मोठ्या जातीत हाडं-सांधे भरेपर्यंत थांबलेलं बरं, म्हणून नराला मी साधारण वर्षभरानंतर करायला सांगतो. चावणं किंवा भुंकणं त्याने थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका, मादीच्या मागे गेटवरून उडी मारून जाणं मात्र कमी होतं. तोवर रात्री मोकळा सोडायचा नाही, कारण आपल्याकडे मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत टीव्हीटी नावाची गाठ संबंधातून पसरते. लिंगातून थेंब थेंब रक्त दिसलं की लोक लघवीचं इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक देत बसतात, ती गाठ बहुतेक वेळा व्हिनक्रिस्टिनच्या आठवड्याच्या इंजेक्शनांनी पूर्ण बरी होते, पण वेळेवर आणायला हवं. सध्या या आठवड्यात एवढंच करा, त्याचं वजन करून गोचिडीची गोळी घ्या, लशीचं कार्ड दाखवा, जाताना खिशात चिकन घेऊन जा आणि डॉक्टरांना सांगा की टोचायच्या आधी त्यांच्या हातून दोन तुकडे त्याला खाऊ द्या.